सतरा जणांची बातमी

दूध उतू गेलं होतं, मोरीत भांड्यांचा ढीग साचला होता आणि डब्यात काय भरायचं याचा पत्ता नव्हता. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क असलेल्या आईचा पारा चढला होता. स्वयंपाकाच्या मावशी सलग तिसऱ्या दिवशी आल्या नव्हत्या.

"नऊ वर्षं घरच्यासारखं वागवलं, त्याचं हे फळ! एक फोन करायला काय हात झिजतात?"

परवा मावशींचे दोन फोन येऊन गेले होते, पण तेव्हा ती मीटिंगमध्ये होती आणि नंतर विसरली. काल संध्याकाळी मात्र तिनं फोनवर रोखठोक निरोप लिहून धाडला होता: ‘उद्या या, नाहीतर दुसरी बघते.’

बाहेरच्या खोलीत शिकवणी सुरू होती. धाकटी लेक अधिकारीपदाची लेखी परीक्षा पास झाली होती आणि मुलाखत दहा दिवसांवर आली होती. त्यासाठी खास बाई यायच्या आणि तिला एकटीला समोर बसवून चालू घडामोडी, साहित्य आणि सांस्कृतिक इतिहास शिकवायच्या. बाईंनी वर्तमानपत्रात सव्वीस वर्षं उपसंपादक म्हणून काढली होती. बोलायच्या कमी, विचारायच्या जास्त.

"या आठवड्यातली मोठी घटना सांग."

धाकटी ताठ बसली. "तयार कपड्यांच्या कारखान्याला आग. वार सोमवार. मृत सतरा, जखमी चाळीस. कारण शॉर्टसर्किट. मागचं दार बंद असल्यामुळे मृतांची संख्या वाढली. चौकशी समिती तीन सदस्यांची, मुदत एक महिना."

एका दमात! आई हात पुसत दारात आली होती. तिला लेकीचं कौतुक वाटलं. "बघा बाई, सगळं तोंडपाठ आहे!"

"दार बंद का होतं?" बाईंनी विचारलं.

"बाहेरून कुलूप होतं."

"का?"

"चालू घडामोडींच्या सारांशात ते दिलेलं नाही."

"आणि हे सतरा जण कोण होते?"

धाकटी हसली. "बाई, मुलाखतीत आकडा विचारतात. नावं कोण विचारतं?"

"मी विचारतेय." बाईंनी पिशवीतून त्या दिवसाचं वर्तमानपत्र काढलं आणि आतलं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिथं फोटोंसकट मृतांची यादी होती. "वाच. मोठ्यानं."

धाकटी वाचू लागली. नाव, वय, काम, राहण्याचं ठिकाण. कापणारा, इस्त्रीवाला, दोघी सख्ख्या बहिणी. अकराव्या नावापाशी तिचा आवाज अडखळला.

"वय बावीस. बटणं लावण्याचं काम. राहणार पाण्याच्या टाकीमागची वस्ती. आई घरोघरी स्वयंपाक..."

"एका नावाच्या छप्पन जणी असतात," आई घाईनं म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

धाकटीनं पान डोळ्यांजवळ नेलं. आणि ती किंचाळलीच!

"आई! हिच्या अंगात माझा ड्रेस आहे!"

मागच्या वर्षी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून तो मावशींना दिला होता. त्यांची मुलगी! लहानपणी सुट्टीत आईबरोबर यायची, स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून धडे वाचायची, तीच! ती कुठंतरी शिवणकाम करते, एवढंच या घराला ठाऊक होतं.

आईनं वर्तमानपत्र ओढून घेतलं. "पण आम्हाला कसं कळणार होतं? सांगायला नको? परवा दोन फोन आले होते, पण मी मीटिंगमध्ये होते."

"त्यांनी फोन केला होता ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "काल तू करुणरसावर दोन पानं लिहिलीस. परवा लिहिलंस, वस्त्र ही समाजाची स्मृती असते. मी शाबासकीही दिली. चूक तुझ्या एकटीची नाही. जागा पुरेना की मीसुद्धा नावं कापायची आणि ‘अन्य बारा’ असं छापायची. सव्वीस वर्षं! बातमी पाठ करायला नसते, बाळ. कुणावर तरी काही ओढवलंय, हे सांगायला ती आलेली असते."

तिघीही तशाच निघाल्या. आईनं ऑफिसला कळवलंसुद्धा नाही.

टाकीमागच्या वस्तीत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. या तिघींना पाहून त्यांनी सवयीनं उठायचा प्रयत्न केला.

"डब्याचे हाल झाले असतील ना, वहिनी?"

आईला हुंदका आवरेना. "मावशी, मी तो निरोप..."

"मला कुठं वाचता येतं? शेजारणीनं वाचून दाखवला." मावशींच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त झोंबलं. मग त्या धाकटीला म्हणाल्या, "ताई, तो कागद असला तर द्या. तिच्या हातचं तेवढंच राहिलंय."

"कुठला कागद?"

"अर्ज. मागच्या दाराचं कुलूप काढा म्हणून. अकरा बायकांच्या सह्या होत्या त्यावर. ताईकडून भाषा तपासून आण, म्हणाली होती. महिना झाला. तुम्ही म्हणालात, मुलाखत झाल्यावर बघते."

धाकटीला आठवलं. खरंच म्हणाली होती! कागद न उघडता तिनं टिपणांच्या गठ्ठ्यात सरकवून दिला होता.

तो त्याच दुपारी सापडला. अक्षर वळणदार होतं. दोन ओळींत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, बाकी सारं स्वच्छ समजत होतं. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तो फक्त पुढे पाठवायला हवा होता.

कारखान्याचे मालक समितीपुढे सांगत होते की कुलपाबद्दल कधी कुणी तक्रारच केली नाही. धाकटी त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी वाचलेल्या सातजणींकडे गेली. एकेकीसमोर बसून तिनं त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं. तोंडी तक्रार केल्यावर दोघींना घरी बसवलं होतं, हेही त्यात आलं. आईनं रजा टाकली आणि मावशींना हाताला धरून सुनावणीला नेलं. समितीनं मूळ अर्ज नोंदवून घेतला, मावशींना त्याची प्रत दिली आणि आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांची दारं तपासायचा आदेश काढला. चार ठिकाणी कुलपं निघाली.

गेलेली सतरा माणसं मात्र परत आली नाहीत. मुलाखत झाली. तिचा निकाल अजून लागायचा आहे.

वाचकहो, आपल्या घरात रोज बातम्या येतात आणि रोज कुणी ना कुणी राबायलाही येतं. दोघांनाही आपण नीट विचारत नाही. जग कुठं चाललंय हे जरूर शिका, मुलांनाही शिकवा. पण आकडा कानावर पडला की तिथंच थांबू नका. त्यात माणसं कोण, हे आधी विचारा. आणि कुणी हातात कागद दिला, तर तो त्याच दिवशी उघडा!