ठरलेलं एक मिनिट

“साडेअकरा नको हो. साडेअकराला माझी दुसरी फेरी निघते.”

“मग संध्याकाळी पाच?”

“पाचला तिसरी.”

दवाखान्यातल्या बाईंनी फोनवरच उसासा टाकला. “काका, तुम्हाला नक्की यायचंय ना?”

यायचं होतं, फार यायचं होतं. मी शाळेची बस चालवतो. एकवीस वर्षं झाली, कुणाला साधा ओरखडा आलेला नाही. पण मनाच्या डॉक्टरांच्या वेळा आणि माझ्या फेऱ्या यांचं काहीतरी जुनं वाकडं असावं. ही चौथी जागा. पहिल्यांचा दवाखाना अकराला उघडतो, दुसऱ्यांकडे फक्त दुपार रिकामी, तिसऱ्यांच्या संध्याकाळी दोन महिने भरलेल्या. “मग घरूनच व्हिडिओवर बोला की,” असंही त्यांनी सुचवलं. आमच्या घरी दोन खोल्या. जे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, ते तिच्या शिवणयंत्राशेजारी बसून मोठ्यानं कसं बोलणार?

“सकाळी नऊ ते अकरा मोकळा असतो मी. तेवढ्यात कुठे बसतंय का बघा ना.”

“लिहून ठेवते,” बाई म्हणाल्या. लिहून ठेवते म्हणजे काय, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं.

फोन खिशात टाकला, बसला कुलूप लावलं आणि डेपोच्या फाटकाकडे निघालो. दहा पावलं गेलो असेन, आत कुणी राहिलं तर नाही ना, असं वाटलं. परत आलो, कुलूप काढलं, शेवटच्या सीटपर्यंत गेलो, वाकून एकेका सीटखाली पाहिलं. कोणी नव्हतं. कुलूप लावलं, दहा पावलं गेलो, पुन्हा तेच. त्या सकाळी मी बस नऊ वेळा तपासली. नवव्या वेळी किल्लीच लागेना.

हे दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. मुलांबरोबर असणाऱ्या मावशी शाळेतच उतरतात आणि रिकामी बस मी डेपोत आणतो. आमचे नियम दोन. प्रत्येक थांब्यावर एक मिनिट थांबायचं, मूल आलेलं असो वा नसो. आणि डेपोत आल्यावर मागपर्यंत जाऊन बस बघायची. त्या दिवशी शेवटच्या सीटवर पाच वर्षांची एक पोरगी दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली मला सापडली. ऊन चढायला लागलं होतं, खिडक्या बंद होत्या. तिला तसंच उचलून शाळेत नेऊन सोडलं. तिची आई धावत आली, माझे दोन्ही हात धरून रडली. “काका, तुमचं लक्ष होतं म्हणून!” शाळेनं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो. लोकांना वाटलं, माणूस किती साधा आहे.

सुरुवातीला बायकोनं थट्टा केली. जेवायला घरी आलो की ताट तसंच टाकून मी उठायचो.

“अहो, आत्ता तर आलात!”

“बस बघून येतो.”

“बस काय पाय लावून पळणार आहे? मला तरी कधी इतक्यांदा बघितलंत?”

मग तिची थट्टा थांबली. एकदा ती माझ्यामागून डेपोपर्यंत आली आणि फाटकाबाहेर उभी राहून तिनं सगळं पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, “मला तुमची भीती वाटते हो.”

“मलाही वाटते,” मी म्हणालो.

डॉक्टरांचे नंबर तिनंच कुठून कुठून मिळवले, कापड बेतायच्या कागदावर लिहून दिले. त्याच आठवड्यात डेपोच्या मॅनेजरनं बोलावलं. “काका, दुसऱ्या फेरीला काल सात मिनिटं उशीर, परवा दहा. पुन्हा झालं तर बस दुसऱ्याला द्यावी लागेल.” मला बस सोडून दुसरं काही येत नाही. आणि बस हातात असली की जीव थाऱ्यावर राहत नाही.

चौथ्या जागेच्या बाईंनी मात्र खरंच लिहून ठेवलं होतं. “बुधवारी पावणेदहाची एक वेळ सुटलीये. येताय?”

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून बस घेऊनच गेलो. साडेनऊला पोहोचलो. तिसरा मजला. जिना चढलो, उतरलो, बस बघितली. चार वेळा. डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि मला धाप लागली होती. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“आता खाली जावंसं वाटतंय?”

“हो.”

“नाही गेलात तर?”

“आत मूल असेल.” मग झोपलेल्या पोरगीची हकीकत सांगितली, सगळ्यांना माहीत होती तशीच.

“पण त्या दिवशी तुम्ही नियमाप्रमाणे बस तपासली, म्हणूनच ती सापडली ना?”

मी खिशातून चष्म्याची डबी काढली. का काढली, कोण जाणे.

“नाही तपासली,” मी म्हणालो. “कुलूप लावून चहाला निघालो होतो. ही डबी आत राहिली होती, म्हणून परत गेलो. दार उघडलं तर मागून खोकला ऐकू आला. ही त्या दिवशी खिशात असती तर...”

एकवीस वर्षं लोकांची मुलं नेणारा माणूस तिथं ओक्साबोक्शी रडला. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही.”

त्यांनी सांगा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पुढच्या बुधवारची तीच वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर ती आई पोरगीला घेऊन उभी होती. रोजच्यासारखी म्हणाली, “काका, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघा.”

मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो. मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं सांगितलं, चष्म्याच्या डबीसकट. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिनं पोरगीचा हात घट्ट धरला. मग तिला घेऊन बसमध्ये चढली आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसली.

शाळेत मुलं उतरली, मावशी पोरगीला घेऊन आत गेल्या. आई बसमध्येच होती. ती उठली आणि मागून पुढे एकेक सीट बघत आली, मी वाकतो तशी वाकून, खाली हात फिरवत. माझ्यापाशी येऊन थांबली.

“उद्यापासून मीच सोडेन तिला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

“बरं,” मी म्हणालो.

डेपोत आल्यावर मागपर्यंत जाऊन बस बघितली आणि कुलूप लावलं. फाटकाशी पुन्हा वाटलं, आत कुणी असेल. बराच वेळ तिथंच उभा राहिलो, पण परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या थांब्यावर कोणी नव्हतं. मी बस थांबवली, दार उघडलं आणि ठरलेलं एक मिनिट थांबलो.