आदेमारची झील

जावयाने डबा घरात आणला तेव्हाच सुल्माने ओळखलं, की हा मेला काहीतरी घोळ घालणार. तळहाताएवढा काळा डबा, पुढे एक निळा दिवा. आणि एबेर त्याच्याकडे असा बघत होता, की जणू नऊ महिने पोटात वागवून त्यानेच तो जन्माला घातलाय.

“सासूबाई, हा चालू टीव्ही थांबवतो. मागे नेतो. आपोआप रेकॉर्ड करतो. तुम्ही नुसतं बसून बघायचं.”

“आणि तू काय करणार?”

“मीही बसून बघणार.”

“ते तर तू लग्न झाल्यापासून करतोच आहेस.”

मारिसेलने आईवर डोळे वटारले. नवऱ्यासाठी नेहमी डोळे वटारणारी पोर! असल्या ठोंब्यासाठी डोळ्यांना इतका त्रास का द्यावा, हे सुल्माला आजवर कळलं नव्हतं.

एरवी तिने तो डबा जिन्यावरून खाली भिरकावला असता. पण सोमवारी आदेमारच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गळ्यात गाठ होती आणि गाठीबरोबर आवाजही जाणार, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. तिचा नवरा तीस-पस्तीस वर्षं कार्निवलच्या फडात गात आला होता. आज शुक्रवार, दुरास्नो गावातल्या नदीकाठच्या मंचावर स्पर्धेचा शेवटचा दिवस. तोंडं रंगवलेले तेरा गडी उभे राहणार, वर्षभराच्या कारभारावरून पुढाऱ्यांची चामडी सोलणार आणि शेवटी निरोपाचं गाणं म्हणणार. त्यानंतर आदेमार गाणार नव्हता. गावची वाहिनी कार्यक्रम दाखवते आणि विसरून जाते, जपून काही ठेवत नाही. म्हणून हा डबा.

“माझ्या पोरांना आजोबांचा आवाज कळायला नको?” मारिसेल म्हणाली होती.

“कळून काय दिवे लागणार आहेत? बेसूर आहे तो,” सुल्मा म्हणाली होती.

खरं तर तो आवाज लेकीपेक्षा तिलाच जास्त हवा होता. न्हाणीघरात रेकणारा तो रेडा थांबला, की या घरात काय ऐकायचं? पण हे ती कुणाला सांगतेय थोडीच!

बेसूर म्हणायला तिच्याकडे कारण होतं. मारिसेलच्या जन्माच्या वेळी ती इस्पितळात कळा देत होती आणि हा गृहस्थ मंचावर नाचत होता. सकाळी उगवला तो तोंडावर हिरवा-पिवळा रंग घेऊन, नर्स किंचाळली. त्या दिवशी सुल्माने शपथ घेतली, की कार्निवलचं तोंड बघणार नाही, आणि ती तिने आजवर पाळली. त्यामुळे नवऱ्याचं गाणं तिने ऐकलं ते फक्त न्हाणीघरातलं, एकट्याचं. तो फडातला झीलकरी. मुख्य चाल दुसऱ्यांची, याने खालून आपली वेगळीच ओळ धरायची. एकाच सुरावर रेकायचं, मधेच वर जायचं, कारण नसताना खाली यायचं. चाल म्हणून नाहीच. “फडाला माणसं कमी पडतात म्हणून घेतात त्याला,” असं ती गल्लीभर सांगायची.

शेजारची इर्माबाई एकदा जिन्यात म्हणाली होती, “तुमच्या आदेमारशिवाय फड उभाच राहत नाही हो.” हा टोमणाच, असं सुल्माने ठरवून टाकलं आणि तेव्हापासून तिच्याशी बोलणं बंद केलं.

तर संध्याकाळी एबेरने डबा जोडला. पडद्यावर कार्यक्रमांची यादी आली. आदेमारच्या फडापुढे लिहिलं होतं, आठ ते साडेनऊ. एबेरने रिमोटचं बटण दाबलं आणि हात झटकले.

“झालं?” सुल्माने विचारलं. “आठ ते साडेनऊच?”

“तिथे लिहिलंय ना.”

“लिहिणाऱ्याने कार्निवल बघितलेला दिसत नाही. पुढे तासभर जास्तीचा ठेव. शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की या गावात वेळेवर येते ती फक्त तुझी भूक.”

“डबा हुशार आहे, सासूबाई. त्याला सगळं कळतं.”

“घरात एक तरी हुशार आला म्हणायचा.”

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. नदीवरून वारा सुटला आणि आधीच्या फडाचा मागचा पडदा फाटला. चार माणसं शिडीवर चढून तो बांधत बसली आणि डबा इमानेइतबारे ती शिडी रेकॉर्ड करत बसला. आदेमारचा फड आला तेव्हा बराच उशीर झाला होता. इतक्यात पिझ्झा आणि हरभऱ्याच्या पिठाची फाइना घेऊन माणूस दारात आला, आणि एबेरला आपली विद्या दाखवायची हुक्की आली.

“बघा हं!” त्याने बटण दाबलं. पडद्यावर तेरा गडी जागच्या जागी थिजले. आदेमार डावीकडून तिसरा, तोंडाचा आ वासलेला. “थांबवला! आरामात खाऊ, मग बघू. काही चुकत नाही.”

“माझ्या नवऱ्याला असा आ वासून उभा ठेवून तू हरभऱ्याची पोळी खाणार?”

“सासूबाई, त्यांना काही कळत नाही हो तिकडे.”

“तुला इकडे कळत नाही, त्याचं काय?”

खाणं झालं. मग जावईबापूंनी पुढे चालवलं, पण मंत्र्यावरचा विनोद आवडला म्हणून दोनदा मागे नेऊन हसले. सुल्माचे डोळे डावीकडच्या तिसऱ्या गड्यावर होते. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याचा फड बघत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं.

इर्माबाईचा टीव्ही. जुना, डोक्यावर तारेचा अँटेना. इथे पडद्यावर अजून मंत्र्याची खिल्ली चालली होती आणि तिथे भिंतीपलीकडे निरोपाचं गाणं सुरू झालं होतं. सुल्माने कान टवकारले. त्या सगळ्या आवाजांच्या तळातून तिला ती ओळ ऐकू आली. एकाच सुरावर रेकणारी. मधेच वर जाणारी.

“अगंबाई, तिकडे सुरू झालं!” ती उठली.

“आपल्याकडे येईल ना आता,” एबेर म्हणाला. “बसा हो.”

ती चपला न घालताच गेली. इर्माबाईने दार उघडलं, तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि बाजूला झाली. “या, बसा.”

सुल्मा बसली नाही. पडद्यासमोर उभी राहिली. वरचे आवाज चाल घेऊन पुढे धावत होते, आणि खाली आदेमार आपल्या जागेवर पाय रोवून उभा होता. ते उंच गेले, की तो त्यांना खालून धरायचा. ते घसरले, की हा वर यायचा. न्हाणीघरातलं ते कारण नसताना खाली येणं, त्याला कारण होतं! नेमकं तिथेच बाकीचे बारा जण त्याच्यावर टेकत होते. तो क्षणभर थांबला असता तर सगळा डोलारा खाली आला असता. तीस वर्षं तिने त्या ओळीला नावं ठेवली होती. सुल्माला इतकी लाज वाटली, की तिचे कान तापले.

“मी सांगितलं होतं,” इर्माबाई हळूच म्हणाली.

“आता ऐकू द्या की!” सुल्मा खेकसली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. इर्माबाईने पदराचं टोक पुढे करावं तसं हातातलं फडकं पुढे केलं आणि सुल्माने ते घेतलं.

ती परत आली तेव्हा टीव्हीवर शाम्पूची जाहिरात होती. साडेनऊ वाजताच डब्याने रेकॉर्डिंग आटोपलं होतं आणि मागाहून चाललेलं चित्र साडेनऊपाशी पोचताच थांबवून ठेवलेलं पुढचं सगळं पुसून थेट चालू कार्यक्रमावर उडी मारली होती. तोवर तिकडे गाणं संपलं होतं. डब्यात काय होतं? शिडी, पडदा आणि मंत्री.

“यादीतच चूक आहे,” एबेर म्हणाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” सुल्मा म्हणाली.

शनिवारी एबेरने गावभर विचारलं. एकाच्या फोनवर गाणं सापडलं, त्यात गाण्यापेक्षा त्याच्या बायकोची बडबड जास्त. फड तर त्याच रात्री पांगला होता. कोणी ट्रक घेऊन सीमेवर, कोणी मळ्यावर.

रविवारी दुपारी सुल्माने आदेमारला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभं केलं. त्याचा घसा बसला होता.

“गा,” ती म्हणाली.

“एकट्याने झील धरू? अगं म्हातारे, लोक हसतील.”

“लोक नाहीत इथे. हा एबेर आहे, तो लोकांत येत नाही. गा, म्हाताऱ्या.”

एबेरने मुकाट्याने फोन वर धरला. आदेमार गायला. आवाज घोगरा झाला होता, पण प्रत्येक सूर आपल्या जागी होता. एकाच सुरावर राहिला, मधेच वर गेला, खाली आला. सुल्मा डोळे मिटून ऐकत होती आणि जिथे वरचे आवाज यायचे तिथे तिची मान हलत होती.

गाणं संपलं. एबेरने फोन कानाला लावून सगळं पुन्हा ऐकलं आणि चुळबुळला.

“सासूबाई, राग मानू नका. पण बाबा जरा… बेसूर आहेत. माझ्याकडे एक ॲप आहे, त्यात सूर सरळ करता येतो.”

तिचाच शब्द! तीस वर्षं तिने वापरलेला, आता या ठोंब्याच्या तोंडून. सुल्माचा पारा चढला.

“हात लावून तर बघ! बोटं मोडून ठेवीन. एक सूर इकडचा तिकडे झाला तर तुला आणि तुझ्या डब्याला नदीत बुडवीन.”

“पण कोणी ऐकलं तर त्याला कसं कळणार?”

“नाही कळायचं. मला कळतं.”

आदेमार तिच्याकडे वळला. उरल्यासुरल्या आवाजात त्याने विचारलं, “तुला? कधीपासून?”

सुल्माने ‘माते’ नावाच्या कडू चहासाठी किटली गॅसवर चढवली आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, “शुक्रवारपासून.”