मी मिस्त्रींच्या कानातला

मित्रांनो, मी प्रथिनाचा एक जुना कण आहे. पत्र्याच्या कारखान्यातल्या एका मिस्त्रींच्या डाव्या कानात, अगदी आत, एका पेशीच्या पोटात माझा मुक्काम आहे. शास्त्रज्ञ मला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. नाव भारदस्त, काम हुकूम सोडायचं. खरं तर आमच्यातला एकेक कण झिजून जातो आणि त्याच्या जागी तसाच दुसरा येतो. पण काम तेच, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो. डोळ्यात तोच, यकृतातही तोच. मग डोळ्याचं यकृत का होत नाही? अहो, आमच्यामुळे! जनुकाशेजारच्या ठरलेल्या जागेवर आम्ही जाऊन बसलो, की ते जनुक वाचलं जातं, त्याची नक्कल उतरते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. आम्ही फिरकलो नाही, तर ते आपलं मुकाट पडून राहतं.

मिस्त्री आईच्या पोटात होते तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! माझ्या हुकमाने एक जनुक जागं झालं आणि ऐकणाऱ्या पेशींची रांगच्या रांग उभी राहिली. पुढे ते जनुक रिळावरच्या दोऱ्यासारखं घट्ट गुंडाळलं गेलं. तेव्हापासून मी त्या रांगेला आधार देणाऱ्या शेजारच्या पेशीत आहे.

या कानावर मिस्त्रींनी नाव कमावलं. चालू यंत्राजवळ उभे राहून ते म्हणायचे, "थांबवा, आतलं बेअरिंग गेलंय." आणि ते खरोखर गेलेलं असायचं. मालक पाठ थोपटायचे आणि मी इथे फुशारून जायचो.

त्यांची मुलगी मात्र कुरकुर करायची. "बाबा, कानात रबरी बुचं घाला हो. किती वेळा सांगायचं?"

"अगं, बुचं घातली तर यंत्र काय म्हणतंय ते कसं कळणार? तुझं आपलं काहीतरीच!"

त्या खडखडाटात ऐकणाऱ्या पेशी मरू लागल्या. बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या सगळ्यांत आधी गेल्या. मी त्या बंद जनुकाकडे धाव घेतली, पण बसायची जागाच सापडेना. पक्ष्यांच्या कानात म्हणे अशा वेळी ते पुन्हा उघडतं आणि नव्या पेशी येतात. आम्हा सस्तन प्राण्यांच्या नशिबी ते नाही. मला फार हताश वाटतं. पेशी कशी घडवायची ते मला तोंडपाठ आहे, आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही.

मिस्त्रींनी श्रवणयंत्र लावून पाहिलं. "गलका मोठा येतो गं, शब्द लागत नाहीत," म्हणाले आणि काढून ठेवलं.

मग मुलीला मुलगी झाली. आता ती बोलते, अगदी बारीक आवाजात. काल आजोबांच्या मांडीवर बसून तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही माझ्याशी का नाही बोलत?"

तो आवाज आत आला, मला हलवून गेला. मी ऐकलं. पुढे मेंदूपर्यंत पोचवणारं कुणी उरलं नव्हतं. मिस्त्रींनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "हो हो, शहाणी माझी ती!"

ती उतरली आणि आईकडे निघून गेली.

मित्रांनो, तुमच्याही कानात माझे भाऊबंद आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नका. ऐकणाऱ्या पेशी आहेत तोवरच त्यांना जपा. त्या गेल्या की आम्ही नुसते ऐकत बसतो.