चौथा चष्मा

चष्मे करण्यात माझी तीस वर्षं गेली. डोकं दुखतंय म्हणून कुणी दुकानात आलं की मी त्याला खुर्चीत बसवतो आणि आधी नंबर तपासतो. दहातल्या सात जणांचं दुखणं काचेने जातं. म्हणून माझं स्वतःचं डोकं दुखलं तेव्हा मीही त्याच खुर्चीत बसलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुखणं सुरू झालं ते एका गुरुवारी. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद असतं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून गुरुवारची दुपार आम्हा नवरा-बायकोची. पन्नाशी उलटली तरी आमचं छान चाललं होतं, उगाच लाजायचं कशाला. पण त्या दुपारी ऐन रंगात असताना डोक्याच्या मागच्या बाजूला कुणी घण घातल्यासारखी कळ आली. मी कुशीवर वळलो.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"पायात गोळा आला," मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आता मात्र माझी पाचावर धारण बसली, कारण माझा थोरला भाऊ डोक्यातली शीर फुटूनच गेला होता. पण सांगायचं कसं? तुझ्याजवळ आलं की माझं डोकं फुटतं, असं कुठल्या तोंडाने बायकोला सांगणार?

मी चष्मे बदलत बसलो. एकात अर्धा नंबर वाढवला, दुसऱ्यात उतरवला, तिसऱ्याला हलकी फ्रेम घातली. चौथा होईपर्यंत मी गुरुवारी घरी जाणंच सोडलं होतं. काम फार आहे, असं सांगायचो आणि शटर अर्धं ओढून काचा घासत बसायचो. भिंतीवर दोनशे रिकाम्या फ्रेमा आणि मी. फार एकटं वाटायचं. तिला मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही.

तिने केस कापून घेतले. नवा गाऊन आणला. मी छान म्हणालो आणि पेपरात डोकं घातलं. मग एके दिवशी तिने आपली उशी मुलीच्या खोलीत नेली. "तुमच्या घोरण्याने झोप लागत नाही," म्हणाली. तीस वर्षं लागत होती.

शेवटी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कपाट उचलताना डोकं दुखतं, असं सांगितलं. त्यांनी रक्तदाब पाहिला.

"कपाट रोज उचलता?"

"नाही. गुरुवारी दुपारी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बायको."

"मग आता खरं सांगा."

सांगितलं. त्या हसल्या नाहीत. डोक्याचा स्कॅन करायला लावला, तो स्वच्छ निघाला. असं दुखणं असतं, म्हणाल्या, बऱ्याचदा आपोआप जातंही. पण पहिल्याच दिवशी यायला हवं होतं. त्यांनी गोळी लिहून दिली. "आणि बायकोला सांगा. आजच."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. बायको मुलीच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कपाटासकट. वाटलं, ती हसेल.

"किती महिने झाले?" तिने विचारलं.

"पाच."

"मला वाटलं, मीच म्हातारी झाले." तिने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला. "तुम्हाला वाटत होतं, तुम्ही मराल?"

"हो."

"आणि मरणार होतात ते दुकानात, शटर ओढून, एकटे?"

मी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलो.

"कुणीतरी येऊन मला सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी रडले असते. आणि तुम्हाला माझा कंटाळा आला होता, असं समजून उरलेलं आयुष्य काढलं असतं."

तिचा आवाज चढला नव्हता. मी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं, काहीतरी करायचं म्हणून. तिने त्यावरचं नाव वाचलं आणि पाकीट मला परत दिलं.

"वेळेवर घ्या," ती म्हणाली. मग टॉवेलची घडी घातली आणि मी खोलीतून जाण्याची वाट बघत उभी राहिली.