वेर्नाची राहिलेली टाळी

आठ महिन्यांच्या रूथीला अजून टाटा करता येत नव्हता. येत होतं ते एकच. खाटल्याच्या लाकडी कठड्यावर ती तर्जनीने टकटक करायची. रोज एकदाच, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी.

रविवारपासून हे सुरू झालं. टकटक झाली की खोलीत काहीतरी गुळगुळीत सरकल्याचा आवाज यायचा, सर्रकन, आणि रूथी समोरच्या रिकाम्या डोलखुर्चीकडे बघून खुदकन हसायची. बुधवारी ती हसली नाही. गुरुवारी संध्याकाळपासून तिने दुधाला तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाले, दात येतायत. तिच्या आईला, मार्नीला, ते पटलं नाही. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

डोलखुर्ची मार्नीच्या आईची, वेर्नाची. वेर्नाने गावातल्या कॅसिनोत तीन नंबरच्या टेबलावर एकतीस वर्षं पत्ते वाटले. सकाळभर नातीजवळ बसायची आणि दोनच्या पाळीला जायची. पंधरा दिवसांपूर्वी पाळीवर जाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच ती टेबलापाशीच कोसळली. उठलीच नाही.

पत्त्यांचा खेळ वेर्नाने घरात कधी येऊ दिला नव्हता. लहानपणी मार्नी आईला आणायला जायची, तेव्हा कॅसिनोतल्या टेबलांखालच्या गालिच्याच्या कडेशी फरशीवर थांबायची. पोरासोरांना गालिच्यावर पाय टाकायची मुभा नव्हती. तिथून तिला पानं सरकल्याचा तो आवाज ऐकू यायचा. सर्रकन.

शुक्रवारी रूथीला शेजारणीकडे सोपवून मार्नी कॅसिनोत गेली. नवख्यांना तिथे अकरा वाजता पत्त्यांचा डाव फुकट शिकवत. आज पहिल्यांदाच तिने गालिच्यावर पाय ठेवला. तीन नंबरच्या टेबलावर हार्लन होता, आईचा जुना सोबती. तिला बघून त्याच्या हातातली पानं थबकली.

"पोरी, तू? वेर्ना मला वरून शिव्या घालेल."

"वरून नाही घालणार," मार्नी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

शेजारी आयडाहोहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. हार्लनने प्रत्येकापुढे दोन दोन पानं उघडी टाकली, स्वतःपुढे एक उघडं, एक पालथं.

"राजा, राणी, गुलाम, सगळे दहाचे. एक्का तुमच्या सोयीने एक नाहीतर अकरा. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीस ओलांडली की मेलात. मग पुढ्यात लावलेलं सगळं माझं."

म्हातारा म्हणाला, "मला अजून एक द्या."

"तोंडाने नाही, साहेब. वरच्या कॅमेऱ्याला कान नसतात. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक करा."

मार्नीने स्वतःची तर्जनी मुठीत दाबून धरली.

"आणि पुरे म्हणायचं असेल तर?" म्हातारीने विचारलं.

हार्लनने तळवा पालथा करून पानांवरून हवेतच डावीकडून उजवीकडे फिरवला. "असं."

"बघून ठेवा," म्हातारी नवऱ्याला म्हणाली. "बेचाळीस वर्षं मी तोंडाने सांगतेय, म्हणून तुम्हाला कळत नाही."

"कळतं गं, कॅमेऱ्यासारखं. दिसतं, ऐकू येत नाही."

म्हाताऱ्याने टकटक केली. सर्रकन नहला आला. बावीस. हार्लनने पानं गोळा केली.

मार्नीने मनात रविवारपासूनचे दिवस मोजले आणि हळूच विचारलं, "पहिली दोन, वर पाच मागितली. सात पानं. कोणी वाचतं का?"

"सात पानांवर वाचलेला एकच बघितला, सगळी दुर्री-तिर्री आली होती. आठवं मागून वाचलेला बघितला नाही."

"पान वाटणारीने थांबायचं ठरवलं तर?"

"आमचं आम्ही काही ठरवत नसतो, पोरी. सोळापर्यंत घ्यायचं, सतराला थांबायचं. समोर पोटचं पोर बसलं तरी तेच. ते टकटक करत राहील तोवर देत राहायचं."

म्हातारा-म्हातारी उठून गेली. पानं चाळवत हार्लन खालच्या आवाजात म्हणाला, "तुझी आई त्या दिवशी टाळी न वाजवता गेली."

मार्नीला आठवलं. टेबल सोडताना आई एक टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे छताकडे उघडून दाखवायची: हात रिकामे आहेत, बघून घ्या. गालिच्याच्या कडेला उभ्या पोरीला वाटायचं, आई आपल्यालाच हात दाखवतेय.

"बदलीवाला मागून येऊन खांद्याला हात लावतो, तेव्हा सुटका. तोवर जागा सोडता येत नाही. तिच्या खांद्याला कोणी हातच लावला नाही."

"आणि बदलीवाल्याची सुटका?"

"दुसरा आला तर. नाहीतर त्याने टेबल झाकायचं."

दोनच्या आधी मार्नी घरी पोचली. शेजारीण रूथीला देऊन गेली. रूथीचे ओठ कोरडे पडले होते, हात गार होते. मार्नीने तिला खाटल्यात बसवलं, स्वतः कठड्यापाशी गुडघे टेकले. पुढ्यात लावायला त्या जिवाकडे दुसरं होतं तरी काय? ती स्वतःच.

दोन दहा. रूथीने तर्जनी उचलली.

मार्नीने ते बोट हवेतच धरलं. नको, असं ओठांवर आलेलं तिने गिळलं. इथे आवाजाला किंमत नव्हती. तिने ती इवलीशी मूठ उलगडली, तळवा पालथा केला आणि कठड्यावरून डावीकडून उजवीकडे फिरवला.

डोलखुर्ची करकरली. सर्रकन एक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. मग काही नाही; वाटणारीचे सतरा भरले असावेत. खुर्ची मात्र हलत राहिली.

मार्नी उठली, खुर्चीच्या मागे गेली आणि जिथे आईचा खांदा असायचा तिथे हात ठेवला. हाताला ऊब लागली. हात काढून घ्यावासा वाटेना.

"आई, तुझी पाळी संपली," ती म्हणाली. ऐकायला कोणी असो वा नसो.

एक टाळी वाजली, कोरडी, हलकी. खुर्ची थांबली आणि हाताखालची ऊब गेली.

रूथी आता मार्नीकडे बघत होती. टक लावून, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. तिचं बोट पुन्हा कठड्यावर उचललं गेलं. मार्नीला पाय उचलता येईना. पानं वाटणारीची जागा आता तिच्याकडे आली होती.

तिने हात लांबवून खाटल्यावरची रूथीची गोधडी ओढली आणि खुर्चीवर पसरली, खुर्चीचे दोन्ही हात पार झाकून. मग टाळी वाजवली आणि तळवे छताकडे उघडले.

रूथीने त्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं. तिचा ओठ थरथरला आणि ती रडू लागली, मोठ्याने, नाक वाहीपर्यंत, भुकेल्या बाळाचं रडणं. मार्नीचे पाय सुटले. तिने पोरीला उचललं आणि छातीशी लावलं.

हिवाळ्यात रूथीला दुसरी गोधडी शिवली. खुर्चीवरची कोणी काढली नाही.