सहा तास पाय सरळ

मास्तरांची अट एकच होती: सुनेने हात लावायचा नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवा, रक्त पातळ करा, सकाळपासून उपाशी ठेवा, त्यांची कशालाच ना नव्हती. पण मनगटातली वाहिनी बारीक निघाली आणि डॉक्टरांना जांघेतून जावं लागलं, तेव्हा मास्तर टेबलावर पडल्या पडल्याच म्हणाले, "वॉर्डात आमची सून आहे. तिला यातलं काही देऊ नका."

चाळीस वर्षं या माणसाने पँटी शिवल्या होत्या. परक्या पुरुषांच्या जांघेपासून घोट्यापर्यंत टेप धरून "हलू नका, साहेब" असं दिवसातून वीसदा म्हणताना त्यांना कधी अवघड वाटलं नव्हतं. पण माप घेणं वेगळं आणि देणं वेगळं.

हॉस्पिटलचा नियमही मास्तरांच्याच बाजूचा होता. आपल्या नातेवाइकाचा पेशंट म्हणून ताबा घ्यायचा नाही. त्यामुळे खाट क्रमांक चार ब्रदरकडे गेली. ब्रदर म्हणजे वॉर्डातला एकमेव पुरुष नर्स. अंगाने आडवा, बोलायला गोड. जांघेतली नळी त्याने एक वाजता काढली, वीस मिनिटं हाताने दाबून धरलं, पट्टी लावली आणि बजावलं, "मास्तर, सहा तास पाय सरळ. गुडघा वाकवायचा नाही, उठायचं नाही. लघवीला लागली तर मला हाक मारा, बाटली देतो."

"बरं," मास्तर म्हणाले. पोरीच्या लग्नात व्याह्यांच्या सगळ्या मागण्यांना ते असंच "बरं" म्हणाले होते, आणि त्यातली एकही पुरी केली नव्हती.

सिस्टरला म्हणजे सुनेला या वाटणीने हायसंच वाटलं होतं. बाकीच्या नऊ खाटांशी ती नेहमीसारखी वागत होती. चार नंबरपाशी मात्र तिची चाल आपोआप वाढायची. तीनच्या सुमारास तिने जाता जाता त्यांचा तक्ता पाहिला. रक्तदाब ठीक, नाडी ठीक, पायाचा रंग ठीक. लघवीचा रकाना सकाळपासून कोरा. दुसऱ्या कुठल्या पेशंटचा असता तर ती तिथेच थांबून म्हणाली असती, "काय आजोबा, साठवून ठेवताय की काय?" इथे तिने तक्ता जागच्या जागी अडकवला. ब्रदर बघेल.

ब्रदर मात्र ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या पेशंटला आणायला सव्वातीनला खाली गेला.

सिस्टर नऊ नंबरच्या आजींच्या औषधाचा पंप लावत होती, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. "अहो! कुठं निघालात? अगं ए, हे उठले बघ!"

मास्तर खाटेपासून पाच पावलांवर उभे होते. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हाताने पायजम्याची नाडी. चेहरा मोटारीच्या उजेडात सापडलेल्या मांजरासारखा. आणि पायजम्याच्या उजव्या पायावर जांघेपासून खाली एक लाल पट्टा उतरत होता, भराभर, जणू कुणी वरून ओततंय.

"बाबा, खाली!"

"अगं, इथंच तर जायचं—"

"खाली झोपा!"

सुनेने सासऱ्यांपुढे आवाज चढवल्याची ही पहिली वेळ. मास्तर घाबरून की चक्कर येऊन, पण बसले. तिने त्यांना खांद्याला धरून फरशीवर आडवं केलं, पायजमा खाली ओढला, पट्टी रक्ताने सुटून लोंबत होती ती बाजूला फेकली आणि कातडीवरच्या छिद्राच्या दोन बोटं वर, जिथे आत वाहिनीला भोक पडलेलं असतं तिथे, दोन्ही हात एकावर एक ठेवून कोपर ताठ करून सगळं वजन टाकलं. बोटांखाली धक्के बसत होते. एक, दोन, तीन. मग रक्त वर यायचं थांबलं.

"बाई! चार नंबर! फरशीवर!" ती ओरडली.

इन्चार्ज बाई वयाला न शोभणाऱ्या वेगाने आल्या. यंत्र, सलाईन, डॉक्टरांना फोन, हे सगळं त्यांनी एका दमात केलं. सासूबाई एवढा वेळ तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी आता खाटेवरची चादर ओढली आणि दोन्ही हातांनी पसरून नवऱ्यापुढे आडोसा धरला. भेटीची वेळ होती. वॉर्डात निम्मं गाव होतं.

"तो ब्रदर कुठाय?" मास्तर डोळे मिटून म्हणाले.

"खाली गेलाय."

"त्याला बोलव. तू सोड."

"मी सोडलं तर दोन मिनिटांत तुम्ही संपाल, बाबा. बोला, सोडू?"

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली.

दाबायची पंचवीस मिनिटं. रक्त पातळ केलेलं, त्यामुळे कमी चालणार नव्हतं. फार जोरात दाबलं तर पायाचं रक्त तुटतं, हलकं दाबलं तर आतल्या आत पोटाच्या मागे गळत राहतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. त्याची तिला सगळ्यात भीती होती. बाहेरचं दिसत होतं, आतलं कळायला माणूस बोलता हवा.

"बाबा, पँट कशी शिवतात?"

"काय?"

"सांगा. पहिल्यापासून."

"आत्ता? वेड लागलंय का हिला?" हे बायकोला.

"सांगा हो, विचारतेय तर," चादरीपलीकडून सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी कंटाळून सुरुवात केली. कापड आधी भिजवायचं. हल्लीचे भिजवत नाहीत, मग पहिल्या धुण्यात गिऱ्हाईक बोंबलत येतं. मग खुणा. मग कापणं. कात्री एकदाच चालवायची, करवतीसारखी नाही. धंद्याचा विषय निघाला तसा आवाजात जीव आला. सिस्टरच्या मनगटात कळा येत होत्या. सात मिनिटं झाली होती.

ब्रदर धावत आला आणि जागीच थिजला. "ताई, सोड तू. मी घेतो. मास्तरांना आवडायचं नाही."

"हात बदलताना सुटेल," ती म्हणाली. "पायाची नाडी बघ."

"लागतेय. बारीक आहे."

मास्तरांनी एक डोळा उघडून ब्रदरकडे पाहिलं. "राहू दे," ते म्हणाले. "बसलाय तिचा हात." आणि पुन्हा डोळा मिटला. "कुठं होतो मी?"

"कापून झालं."

"हां. मग... कंबरपट्टी लावायची. पट्टी लावली की... मागच्या खिशाला चीर द्यायची..."

"ठीक आहे, पुढे?" सिस्टर म्हणाली.

चादर एकदम खाली आली. चाळीस वर्षं मास्तरांच्याच दुकानात काजं केलेल्या सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "पट्टीनंतर खिसा? अगं, खिसे आधी! झोपेतसुद्धा चुकायचे नाहीत हे. यांना काहीतरी होतंय!"

सिस्टरने मास्तरांकडे पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब, ओठ कागदासारखे. "बाई, प्रेशर घ्या!"

"आत्ताच तर घेतलं," म्हणत बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पट्टा फुगला, सुटला. "सत्तर. नाडी अडतीस."

"बाबा, पाठीत दुखतंय? कंबरेत? खरं सांगा."

"नाही गं..." आवाज विहिरीतून आल्यासारखा. "लघवी... फार..."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत गळत असतं तर नाडी पळाली असती, अडतीसवर बसली नसती. तुडुंब भरलेलं मूत्राशय आणि वरून तिचा दाब, त्याने नाडी बसली होती. बसलेली नाडीही वेळेवर उठवली नाही तर तेवढीच वाईट. "बाई, ॲट्रोपिन! सलाईन पूर्ण सोडा! ब्रदर, बाटली आण!"

बाईंनी नाडी वाढवायची सुई टोचली. ब्रदरने बाटली लावली. तिचे हात जागेवरून केसभर हलले नाहीत.

काहीच झालं नाही. सासूबाईंनी चादर पुन्हा वर धरली.

"बाबा, करा."

"तू... तिकडं बघ."

"नाही बघणार. रक्त बघायचंय मला. लाजा नंतर. आधी करा!"

यंत्रावर नाडीचे आकडे फिरत होते. अडतीस. चाळीस. अडतीस. मग बाटलीत आवाज झाला.

पंचेचाळीस. बावन्न. बासष्ट. बाईंनी पट्टा पुन्हा फुगवला. "शंभर," त्या म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. डॉक्टर दुसरी केस आटोपून धापा टाकत पोचले, तेव्हा पंचवीस मिनिटं भरली होती आणि सिस्टर एकेक बोट सैल करत होती. पाहिलं. कोरडं. आणखी सैल. कोरडं.

"उठले कसे हे?" डॉक्टरांनी पोट चाचपत विचारलं.

"रकाना कोरा होता. मी तीनला पाहिला आणि विचारलं नाही," सिस्टर म्हणाली. "चूक माझी आहे."

"पेशंट ब्रदरचा ना?"

"रकाना मी पाहिला, डॉक्टर."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "लेखी द्या," म्हणाले. "आणि यांचे सहा तास परत पहिल्यापासून."

चौघांनी चादरीसकट उचलून मास्तरांना खाटेवर ठेवलं. सिस्टरची बोटं वळलेली, सरळ होईनात. तिने बाटली दोन तळव्यांत धरून उजेडात नेली.

"किती?" मास्तरांनी छताकडे बघत विचारलं.

"सातशे ऐंशी."

"नीट बघितलंस?"

"खुणा आहेत बाबा बाटलीवर."

"मग लिही," मास्तर म्हणाले. आणि अजून छताकडेच बघत: "पुढची वेळ कधीची?"

"तासाभराने. मीच विचारीन."

मास्तर खाकरले. "बरं," म्हणाले. सिस्टरचा त्या शब्दावर विश्वास नव्हता. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी बसली.