उघडा राहिलेला नळ

दफनभूमीत खड्ड्यात माती पडायला लागली आणि मला आठवलं, स्वयंपाकघरातला नळ उघडाच राहिलाय.

आमच्या पुमुला वस्तीत नळ उघडेच ठेवतात. बुलावायोत पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, म्हणून नळ सोडून खाली रिकामी बादली ठेवायची. धार पडली की आवाज होतो आणि घरातलं कुणीतरी धावतं. सांडलेलंही वाया जाऊ नये म्हणून सिंकच्या भोकात मी चिंधी कोंबून ठेवते. भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. माझ्या घरात पाणी राबल्याशिवाय गटारात जात नाही, असा माझा तोरा असतो. आज तोच अंगाशी येत होता, कारण ती चिंधीही तिथेच होती.

घरी सासूबाई एकट्या होत्या. मा-खुपे म्हणतात त्यांना. खुबा मोडल्यापासून त्या स्वयंपाकघरातच चटईवर निजतात, त्यांना उभं राहता येत नाही. कानानंही कमीच. उशाशी जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात त्यांचा फोन चार्जिंगला लावून आले होते. सकाळपासून वीज नव्हती, म्हणजे बोर्ड भिजला तरी झटका बसणार नव्हता, तेवढाच मनाला आधार. चोरांच्या भीतीनं बाहेरून कुलूप घातलं होतं आणि किल्ली माझ्या छातीशी.

"तोंड का उतरलंय तुझं?" शेजारीण मा-गुमेडे कुजबुजली. "गेलेला म्हातारा तुझा कोण लागत होता?"

मी नळाचं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! आत्ताच माझ्या लेकीचा फोन आला. आपल्या गल्लीत पाणी आलंय, धो धो."

"तिला माझ्या खिडकीपाशी पाठव. हाक मारायला सांग."

लेकीनं हाका मारल्या. आतून उत्तर नाही. दाराखालून पाणी येतंय, म्हणाली.

मी सासूबाईंना फोन लावला. बंद. बायका रडत गात होत्या, पुरुष फावड्यांनी माती लोटत होते आणि मी शालीआड पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होते. मग एकदम रिंग वाजायला लागली. मेलेला फोन वाजतोय म्हणजे वीज आली होती. खाली पाणी, त्यात तो बोर्ड. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.

माती पुरी झाल्याशिवाय उठता येत नाही. त्या पुरुषांचे हात कधी नव्हे इतके हळू चाललेत असं मला वाटलं, एकाला ओरडणारही होते. शेवटचा दगड ठेवला आणि मी बसकडे न जाता रस्त्याकडे पळाले.

मा-गुमेडेनं दंड धरला. "वेडी झालीस का? आधी मयताच्या घरी जायचं, दारात हात धुवायचे, मग आपल्या घरी. न धुतल्या हातांनी मरण घेऊन जाशील म्हातारीकडे!"

"आणि ते आधीच पोचलं असेल तर?" मी हात सोडवून घेतला.

भाड्याच्या गाडीत मी ड्रायव्हरला शिव्या घालत आले. तोही कमी नव्हता. "आई, गाडी आहे ही, विमान नाही," म्हणाला. माझ्या मनात मात्र एकच: देवा, त्या बाईला काही होऊ देऊ नकोस, मी जन्मात पुन्हा तिच्याशी तोंड वर करून बोलणार नाही.

पायरीवरून पाणी ओघळत होतं. किल्ली कुलपात शिरेना. अखेर दार उघडलं.

सासूबाई सिंकच्या पायाशी, पाण्यात बसल्या होत्या. जिवंत. बोर्डाची वायर भिंतीतून काठीनं ओढून काढलेली, बोर्ड आणि फोन खुर्चीवर. नळापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून म्हातारीनं आपलं ब्लँकेट जमिनीवर फिरवलं होतं आणि ते एका बादलीत पिळत होती. वर नळ धो धो वाहत होता.

"आई!" मी आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी काठी आडवी धरली.

"थांब तिथंच. हात धुतलेस?"

"आई, आधी नळ बंद..."

"वाहू दे नळ. हात धुतलेस का, विचारलं मी."

चहाचा कप विसळलेलं पाणीही जिनं मला कधी फेकू दिलं नाही, ती बाई हे म्हणत होती. मी मान हलवली. नाही.

त्यांनी पिळलेल्या पाण्याची बादली काठीनं उंबऱ्यापर्यंत ढकलली.

"धू. बाहेर सांडू नकोस, संडासाला होईल ते."

मी पायरीवर बसून त्या गढूळ पाण्यात हात धुतले. धुता धुता मला हुंदका फुटला.

"रडतेस काय?" त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "ये आता आत. नळ बंद कर आणि मला उचल. थंडी वाजतेय गं."